होम थिएटर प्रक्षेपकाच्या पडद्याचा आकार

होम थिएटर प्रक्षेपकाच्या पडद्याचा आकार म्हणजे घरी चित्रपट, क्रीडासामने किंवा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पाहण्यासाठी प्रक्षेपक (प्रोजेक्टर) ज्या पृष्ठभागावर चित्र टाकतो, त्या पृष्ठभागाची रुंदी, उंची व कर्ण यांनी ठरणारे माप होय. दूरचित्रवाणी संचाचा आकार कारखान्यातच ठरलेला असतो. प्रक्षेपकाचे चित्र मात्र अंतर व भिंगाची रचना बदलून लहान-मोठे करता येते. त्यामुळे ते केवढे असावे हे वापरणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते.

हा निर्णय मुख्यतः चार बाबींवर अवलंबून असतो : प्रेक्षकाचे पडद्यापासूनचे अंतर, प्रक्षेपकाचा प्रकाश, प्रक्षेपक व पडदा यांमधील अंतर आणि खोलीची रचना. यांपैकी पहिली बाब पडदा केवढा असावा हे सांगते, तर उरलेल्या तीन बाबी तो जास्तीत जास्त केवढा असू शकतो हे सांगतात. या तीन मर्यादांमध्ये जी सर्वांत लहान, तीच त्या खोलीतील पडद्याची खरी मर्यादा ठरते. त्यामुळे भिंतीवर मावणारा सर्वांत मोठा पडदा हा त्या खोलीसाठी सर्वांत योग्य पडदा असेलच असे नाही.

## मापनाच्या संज्ञा

पडद्याचे माप सामान्यतः कर्णाच्या लांबीने, इंचांत सांगतात. कर्ण म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. केवळ कर्ण सांगून पडद्याचा आकार पूर्णपणे कळत नाही. त्यासोबत रुंदी व उंची यांचे गुणोत्तरही माहीत असावे लागते. आजच्या बहुतेक घरगुती प्रक्षेपकांचे गुणोत्तर १६:९ असते. या गुणोत्तराच्या पडद्याची रुंदी कर्णाच्या सुमारे ०.८७ पट, तर उंची सुमारे ०.४९ पट भरते.

| कर्ण (इंच) | रुंदी (सेंमी) | उंची (सेंमी) | क्षेत्रफळ (चौ. मी.) |
|---|---|---|---|
| ८० | १७७ | १०० | १.७६ |
| ९२ | २०४ | ११५ | २.३३ |
| १०० | २२१ | १२५ | २.७६ |
| १२० | २६६ | १४९ | ३.९७ |
| १५० | ३३२ | १८७ | ६.२० |

कर्ण आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत. कर्ण दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते. १०० इंचांऐवजी १२० इंचांचा पडदा घेतला तर कर्ण २० टक्क्यांनी, पण क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. प्रकाशाचा हिशेब क्षेत्रफळावर चालत असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

भारतीय बाजारात काही पडदे कर्णाऐवजी फुटांतील रुंदी व उंचीने विकले जातात. ८ × ६ फूट मापाचा पडदा ४:३ गुणोत्तराचा असून त्याचा कर्ण १२० इंच भरतो. मात्र १६:९ गुणोत्तराचे चित्र त्यावर टाकल्यास ते ८ फूट रुंद व ४.५ फूट उंच होते, म्हणजे त्याचा कर्ण सुमारे ११० इंचच राहतो व पडद्याची दीड फूट उंची रिकामी राहते. सभागृहे व वर्गखोल्यांसाठी तयार झालेली अशी मापे घरगुती वापरासाठी घेताना ही बाब लक्षात घ्यावी लागते.

## पाहण्याचे अंतर व दृश्यकोन

पडदा मोठा वाटणे किंवा लहान वाटणे हे त्याच्या मापापेक्षा दृश्यकोनावर अवलंबून असते. प्रेक्षकाच्या डोळ्यापासून पडद्याच्या डाव्या व उजव्या कडांपर्यंत काढलेल्या रेषांमधील कोनास आडवा दृश्यकोन म्हणतात. दोन मीटरवरील लहान पडदा आणि चार मीटरवरील दुप्पट मोठा पडदा यांचा दृश्यकोन सारखाच असतो.

चित्राने दृष्टीचा मोठा भाग व्यापला की प्रेक्षकाला आपण दृश्याच्या आत असल्याचा भास होतो, या अनुभवावर १९५० च्या दशकातील रुंद पडद्याचे तंत्र उभे राहिले. १९५२ मध्ये आलेल्या सिनेरामाने तीन प्रक्षेपक व वक्र पडदा यांच्या साहाय्याने १४६ अंशांचा कोन व्यापण्याचा प्रयत्न केला. पुढच्याच वर्षी सिनेमास्कोप आले. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणीसाठी (एचडीटीव्ही) केलेल्या संशोधनातून सुमारे ३० अंशांचा दृश्यकोन हे उद्दिष्ट पुढे आले. चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून १६:९ गुणोत्तराचे चित्र पाहिले असता साधारण एवढाच कोन मिळतो.

घरगुती पडद्यासाठी पुढील दोन संस्थांचे संकेत सर्वाधिक वापरले जातात :

* सोसायटी ऑफ मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन इंजिनिअर्स (एसएमपीटीई) या संस्थेच्या संकेतानुसार किमान दृश्यकोन ३० अंश असावा. यासाठी प्रेक्षकाचे अंतर कर्णाच्या सुमारे १.६ पट असावे लागते.
* चित्रपटगृहांच्या दर्जासाठी १९८३ मध्ये सुरू झालेल्या टीएचएक्स या प्रमाणन योजनेनुसार ३६ ते ४० अंशांचा कोन चित्रपटांसाठी इष्ट मानला जातो. ४० अंशांसाठी अंतर कर्णाच्या सुमारे १.२ पट असावे लागते.

या कोनांवरून १६:९ पडद्याचा कर्ण पुढीलप्रमाणे निघतो. अंतर हे आसनाच्या पाठीपासून न मोजता डोळ्यांपासून मोजले जाते.

| डोळ्यांपासून अंतर | ३० अंश | ३६ अंश | ४० अंश |
|---|---|---|---|
| २.५ मीटर | ६१ इंच | ७३ इंच | ८२ इंच |
| ३ मीटर | ७३ इंच | ८८ इंच | ९९ इंच |
| ३.५ मीटर | ८५ इंच | १०३ इंच | ११५ इंच |
| ४ मीटर | ९७ इंच | ११७ इंच | १३२ इंच |

हे संकेत म्हणजे नियम नव्हेत. चित्रपटगृहात पुढच्या रांगा पसंत करणारा प्रेक्षक घरीही मोठ्या कोनात रमतो. मागच्या रांगेत बसणाऱ्याला ३० अंशही पुरेसे वाटतात. बातम्या, मालिका व क्रिकेटचे सामने यांत प्रेक्षकाला धावफलक, पट्ट्या व मजकूर एका नजरेत वाचायचा असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी लहान कोन सोयीचा ठरतो. चित्रपटाचा दिग्दर्शक मात्र मोठा पडदा गृहीत धरूनच चौकट रचतो. कोन फार वाढल्यास मान सतत डावी-उजवीकडे वळवावी लागते आणि वेगाने फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या दृश्यांत काहींना गरगरल्यासारखे होते.

### विभेदनक्षमता

निरोगी मानवी डोळा साधारणपणे एका कलेएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) तपशील ओळखू शकतो, असे प्रचलित गणितात धरले जाते. त्यावरून एका अंशात ६० चित्रबिंदू (पिक्सेल) असले तर ते सुटेसुटे दिसत नाहीत. आडवे १९२० चित्रबिंदू असलेले पूर्ण एचडी चित्र या हिशेबाने ३२ अंशांपर्यंत अखंड दिसते. १०० इंचांच्या पडद्यासाठी हे अंतर सुमारे ४ मीटर होते. ३८४० आडवे चित्रबिंदू असलेल्या ४के चित्रासाठी हेच अंतर सुमारे २ मीटरवर येते.

याचा अर्थ असा की पूर्ण एचडी प्रक्षेपकाने ४० अंशांचा पडदा भरला तर तीक्ष्ण दृष्टीच्या प्रेक्षकाला चित्र किंचित सौम्य वाटू शकते; ४के चित्राला तेवढ्या कोनात कोणतीही अडचण येत नाही. त्याउलट ८५४ आडवे चित्रबिंदू असलेला स्वस्त प्रक्षेपक केवळ १४ अंशांपर्यंतच अखंड चित्र देतो. अशी काही यंत्रे ‘१०८०पी चालते’ म्हणून विकली जातात. त्याचा अर्थ ती तसा संकेत स्वीकारतात एवढाच असतो. पडद्यावर दिसणारे चित्रबिंदू यंत्राच्या मूळ क्षमतेइतकेच राहतात. म्हणून पडद्याचा आकार ठरवताना मूळ विभेदनक्षमता पाहणे आवश्यक असते.

## प्रकाशाची मर्यादा

प्रक्षेपकातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ठरावीक असतो. पडदा जितका मोठा, तितका तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो व चित्र मंद होते. प्रक्षेपकाचा प्रकाश ल्युमेन या एककात, तर पडद्याची दीप्ती निट (कँडेला प्रति चौरस मीटर) या एककात मोजतात. साध्या पांढऱ्या पडद्याची दीप्ती पुढीलप्रमाणे काढता येते :

दीप्ती = ल्युमेन × पडद्याचा गेन ÷ (३.१४ × क्षेत्रफळ)

डिजिटल चित्रपटगृहांत पडद्यावरील पांढऱ्या रंगाची प्रमाण दीप्ती ४८ निट (१४ फूट-लँबर्ट) मानली जाते. पूर्ण अंधार केलेल्या घरगुती खोलीसाठीही हाच आकडा आधार म्हणून वापरतात. १ गेनच्या पडद्यावर तेवढी दीप्ती मिळण्यासाठी ८० इंचांना सुमारे २६५, ९२ इंचांना ३५०, १०० इंचांना ४१५, १२० इंचांना ६०० आणि १५० इंचांना ९३५ ल्युमेन लागतात.

हे आकडे लहान वाटले तरी प्रत्यक्षात तीन कारणांमुळे मोठी घट धरावी लागते. पहिले, खोक्यावर छापलेले ल्युमेन बहुधा यंत्राच्या सर्वांत प्रखर स्थितीतील असतात. त्या स्थितीत चित्र हिरवट किंवा निळसर दिसते. अचूक रंग देणाऱ्या चित्रपट-स्थितीत प्रकाश बराच कमी होतो. दुसरे, दिव्याच्या प्रक्षेपकात दिव्याचे आयुष्य म्हणून सांगितलेले तास हे सामान्यतः प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचे असतात. लेसर प्रक्षेपकांचे २०,००० तासही बहुधा याच अर्थाने सांगितले जातात, मात्र तिथे घट संथ असते. तिसरे, झूम भिंग लांब पल्ल्याच्या टोकाला वापरल्यास भिंगातून येणारा प्रकाश कमी होतो.

समजा, एका प्रक्षेपकावर २,००० ल्युमेन लिहिले आहे. चित्रपट-स्थितीत त्यातील ६० टक्के प्रकाश मिळाला तर १,२०० ल्युमेन उरतात. १२० इंचांच्या पडद्यावर त्यातून सुमारे ९६ निट दीप्ती मिळते व चित्र झळाळते. दिवा निम्म्यावर आला की ६०० ल्युमेन उरतात आणि दीप्ती बरोबर ४८ निटांच्या काठावर येते. त्याच प्रक्षेपकासाठी १५० इंचांचा पडदा घेतला असता सुरुवातीला ६२ निट मिळून समाधान होते, पण दिव्याच्या आयुष्याच्या अखेरीस ३१ निटच उरतात. पडदा एकदाच घेतला जातो, प्रकाश मात्र दररोज घटत असतो. म्हणूनच पडद्याचा आकार नव्या दिव्याच्या प्रकाशावर न ठरवता जुन्या दिव्याच्या प्रकाशावर ठरवणे श्रेयस्कर मानले जाते. एचडीआर चित्रांना अधिक दीप्ती लागत असल्याने त्यांच्यासाठी पडदा आणखी आटोपशीर ठेवावा लागतो.

### खोलीतील प्रकाश

प्रक्षेपकाला काळा रंग टाकता येत नाही. जिथे चित्र काळे असायला हवे तिथे तो केवळ प्रकाश टाकायचा थांबतो. त्यामुळे चित्रातील काळा रंग हा खोलीतील प्रकाशात पडदा जेवढा काळा दिसतो तेवढाच काळा राहतो. दिवे लावलेल्या खोलीत पांढरा पडदा पांढराच दिसतो.

पडद्यावर खोलीतील ५० लक्स प्रकाश पडत असेल, तर पांढऱ्या पडद्याची दीप्ती प्रक्षेपक बंद असतानाही सुमारे १६ निट असते. अशा वेळी १,००० ल्युमेनच्या प्रक्षेपकाने १०० इंचांवर ११५ निट टाकले, तर चित्रातील सर्वांत उजळ व सर्वांत काळा भाग यांचे प्रमाण सुमारे ८:१ पडते. तेच चित्र १५० इंचांवर पसरवले तर हे प्रमाण ४:१ इतके खाली येते व चित्र धुऊन निघाल्यासारखे फिके दिसते. दिवाणखान्यात दिवे लावून पाहण्याचा बेत असल्यास पडदा लहान ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जाड पडदे लावून खिडक्या झाकणे आणि पडद्यासमोरचा दिवा बंद ठेवून मागचा दिवा मंद ठेवणे, हे उपायही परिणामकारक ठरतात.

### पडद्याचा गेन

प्रमाण पांढऱ्या पृष्ठभागाच्या तुलनेत पडदा समोरच्या दिशेने किती प्रकाश परत करतो, त्या गुणोत्तरास गेन म्हणतात. साध्या पांढऱ्या पडद्याचा गेन १ च्या जवळपास असतो. १.३ किंवा त्याहून अधिक गेनचा पडदा समोर बसलेल्यांना उजळ चित्र देतो. परंतु तो प्रकाश निर्माण करत नाही, बाजूला जाणारा प्रकाश समोर वळवतो. परिणामी बाजूला बसलेल्यांना चित्र मंद दिसते व मध्यभागी उजळ ठिपका जाणवू शकतो. करड्या पडद्याचा गेन १ पेक्षा कमी असतो. तो काळा रंग सुधारतो, पण त्यासाठी अधिक ल्युमेन लागतात. खोलीतील प्रकाश रोखणारे विशिष्ट पडदे वरून किंवा बाजूने येणारा प्रकाश टाळतात. मात्र ते महाग असतात आणि आकार वाढेल तशी त्यांची किंमत वेगाने चढते.

## प्रक्षेपणाचे अंतर

भिंगापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागल्यास थ्रो गुणोत्तर मिळते. १.५ थ्रो गुणोत्तराच्या प्रक्षेपकाला २२१ सेंमी रुंदीचे, म्हणजे १०० इंच कर्णाचे चित्र टाकण्यासाठी सुमारे ३३२ सेंमी अंतर लागते. झूम असलेल्या भिंगांचे गुणोत्तर एका पल्ल्यात दिलेले असते. झूम नसलेल्या यंत्रात एका अंतरावर एकच आकार मिळतो.

मध्यम आकाराच्या खोल्यांत ही मर्यादा निर्णायक ठरते. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे सर्व अंतर प्रक्षेपणासाठी मिळत नाही. यंत्राची स्वतःची लांबी, मागील तारा आणि गरम हवा बाहेर पडण्यासाठी सोडलेली जागा वजा करावी लागते.

अतिलघु-अंतर (अल्ट्रा शॉर्ट थ्रो) प्रक्षेपकांचे गुणोत्तर ०.२५ च्या आसपास असू शकते. ते भिंतीलगतच्या टेबलावर ठेवून मोठे चित्र टाकतात व त्यामुळे अंतराची अडचण दूर होते. मात्र प्रकाश फार तिरका पडत असल्याने पडद्यावरील लहानशी सुरकुतीही ठळक दिसते. अशा यंत्रांना गुंडाळता येणाऱ्या साध्या पडद्याऐवजी चौकटीवर ताणून बसवलेला पडदा लागतो.

प्रक्षेपक पडद्यासमोर मध्यभागी व योग्य उंचीवर नसल्यास चित्र समलंब चौकोनी होते. भिंग सरकवण्याची सोय (लेन्स शिफ्ट) असल्यास चित्र मूळ गुणवत्तेसह जागेवर आणता येते. कीस्टोन सुधारणेत मात्र यंत्र चित्रच आक्रसून घेते. त्यामुळे काही चित्रबिंदू वाया जातात आणि प्रत्यक्ष चित्र अपेक्षित आकारापेक्षा लहान भरते.

## चित्राचे गुणोत्तर

एकाच पडद्यावर वेगवेगळ्या काळातील चित्रपट वेगवेगळ्या आकाराचे दिसतात. सुरुवातीच्या बोलपटांच्या काळात १.३७:१ हे जवळजवळ चौकोनी गुणोत्तर रूढ होते. प्रभात फिल्म कंपनीच्या संत तुकाराम (१९३६) सारख्या चित्रपटांची चौकट अशा जुन्या धाटणीची आहे. १.३७:१ गुणोत्तराचे चित्र १६:९ पडद्याची सुमारे ७७ टक्के रुंदी व्यापते व दोन्ही बाजूंना काळ्या उभ्या पट्ट्या राहतात. सिनेमास्कोपमध्ये चित्रित झालेला पहिला भारतीय चित्रपट कागज के फूल (१९५९) होय. तेव्हापासून रुंद पडद्याचे गुणोत्तर भारतातही रुजले. २.३९:१ गुणोत्तराचा आजचा चित्रपट १६:९ पडद्याची केवळ ७४ टक्के उंची वापरतो. वर व खाली प्रत्येकी १३ टक्के पट्टी रिकामी राहते.

प्रामुख्याने चित्रपट पाहणारे काही जण २.३५:१ गुणोत्तराचा पडदा निवडतात. त्यावर रुंद चित्रपट अधिक भव्य दिसतो. त्याच्या १०० इंच कर्णाच्या पडद्याची रुंदी २३४ सेंमी, पण उंची सुमारे १०० सेंमीच असते. म्हणून त्यावर क्रिकेटचा सामना १६:९ गुणोत्तराच्या साधारण ८० इंची पडद्यावर दिसेल तेवढाच दिसतो आणि जुना बोलपट रुंदीच्या ५८ टक्क्यांत मावतो. ज्या घरात दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, खेळ व जुने-नवे चित्रपट असे सर्वच पाहिले जाते, तेथे १६:९ हेच गुणोत्तर व्यवहार्य ठरते. दोन भिन्न गुणोत्तरांच्या पडद्यांची तुलना कर्णाने न करता उंचीने करणे अधिक योग्य असते.

## खोलीची रचना

पडद्याची उंची ठरवताना बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांची पातळी आधारभूत धरतात. ती जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमी असते. डोळ्यांची पातळी पडद्याच्या खालच्या तृतीयांशाजवळ आल्यास मान ताणावी लागत नाही. त्यासाठी पडद्याची खालची कड जमिनीपासून ६० ते ९० सेंमी उंचीवर ठेवली जाते. पडदा मोठा केला की वरची कड वर सरकते. चित्रपटगृहांच्या संकेतांत पहिल्या रांगेतून वरच्या कडेकडे पाहण्याचा कोन ३५ अंशांपेक्षा अधिक नसावा असे मानले जाते. घरी तो याहून बराच कमी असणे सुखावह ठरते.

भारतीय घरांत छताचा पंखा हा एक विशेष अडथळा असतो. छताला टांगलेल्या प्रक्षेपकाचा प्रकाशझोत खोलीच्या मध्यातून जातो आणि तेथेच बहुधा पंखा असतो. झोत पात्यांना छेदत असल्यास प्रक्षेपक पंख्याच्या पातळीखाली लोंबवावा लागतो किंवा मागील भिंतीवर फळीवर ठेवावा लागतो. पंख्याच्या वाऱ्याने ओढून खाली आणायचा पडदा हलतो व चित्रात लाटा उठतात. पडदा जितका मोठा, तितके हे हलणे अधिक. ताणून बसवलेला पडदा वापरल्यास हा त्रास टळतो.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांसाठी जागा सोडावी लागते. भिंतभर पडदा घेतल्यास ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवावे लागतात आणि त्यासाठी ध्वनी आरपार जाऊ देणारा छिद्रयुक्त वा विणलेला पडदा लागतो. अशा पडद्यातून काही प्रकाश निसटतो. तसेच पांढऱ्या भिंती व छत पडद्यावरून परतणारा प्रकाश पुन्हा पडद्यावर टाकतात आणि चित्रातील काळेपणा घटवतात. पडद्याच्या कडा भिंती व छताच्या जितक्या जवळ येतील, तितका हा परिणाम वाढतो.

## उदाहरण : १० × १२ फुटांची खोली

शहरांतील सदनिकांमध्ये आढळणारी १० × १२ फुटांची (३०५ × ३६६ सेंमी) खोली घेऊन वरील सर्व बाबी एकत्र पाहता येतात. पडदा १० फुटांच्या भिंतीवर असून बैठक समोरच्या भिंतीला टेकलेली आहे, प्रक्षेपकाचे थ्रो गुणोत्तर १.५ आहे आणि चित्रपट-स्थितीत तो १,२०० ल्युमेन देतो असे समजू.

* पाहण्याचे अंतर : डोळे मागील भिंतीपासून ६० सेंमी पुढे धरल्यास अंतर ३०६ सेंमी होते. ३० अंशांसाठी ७४ इंच व ४० अंशांसाठी सुमारे १०० इंच कर्ण निघतो.
* प्रकाश : दिवा निम्म्यावर आल्यावरही ६०० ल्युमेन उरतात. अंधाऱ्या खोलीत ते १२० इंचांपर्यंत पुरतात.
* प्रक्षेपणाचे अंतर : यंत्र, तारा व हवा यांसाठी मागे ४५ सेंमी आणि पडद्यासाठी पुढे ५ सेंमी सोडल्यास ३१६ सेंमी उरतात. त्यांत जास्तीत जास्त २१० सेंमी रुंदीचे, म्हणजे सुमारे ९५ इंचांचे चित्र मिळते.
* भिंत : ३०५ सेंमी रुंदीत १०० इंचांचा पडदा बसूनही दोन्ही बाजूंना ४० सेंमीहून अधिक जागा राहते.

भिंत व प्रकाश अधिक मोठ्या पडद्याला वाव देतात, परंतु प्रक्षेपणाचे अंतर ९५ इंचांवर अडवते. त्यामुळे बाजारात मिळणारे ९२ इंचांचे माप येथे योग्य ठरते. त्याची रुंदी २०४ सेंमी, दृश्यकोन सुमारे ३७ अंश आणि लागणारे प्रक्षेपणाचे अंतर ३०६ सेंमी आहे. खालची कड ७५ सेंमीवर ठेवल्यास वरची कड १९० सेंमीवर येते. याच खोलीसाठी १२० इंचांचा पडदा घेतल्यास त्याला सुमारे ४ मीटर प्रक्षेपण-अंतर लागेल. खोलीची लांबीच त्याहून कमी असल्याने तो पडदा कधीही पूर्ण भरणार नाही.

## प्रचलित गैरसमज

* जाहिरातीतील कमाल आकार : ‘२०० इंचांपर्यंत चित्र’ या उल्लेखाचा अर्थ तेवढ्या आकारावर चित्र स्पष्ट रेषेत आणता येते एवढाच असतो. २०० इंचांच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर असून अंधारातही ४८ निटांसाठी त्याला १,६०० हून अधिक प्रत्यक्ष ल्युमेन लागतात.
* मोठा पडदा घेऊन ठेवणे : नंतर उपयोगी पडेल म्हणून घेतलेल्या मोठ्या पडद्यावर लहान चित्र टाकल्यास भोवती पांढरी किनार राहते. काळ्या किनारीत नेमके बसलेले चित्र अधिक उठावदार दिसते.
* दूरचित्रवाणी संचाशी तुलना : संच स्वतः प्रकाश देतो व बंद असताना काळा दिसतो. त्यामुळे दिवसाउजेडी संचावर जसे चित्र दिसते, तसे साध्या पांढऱ्या पडद्यावर दिसत नाही.

## निवडीपूर्वीची चाचणी

गणिताने मिळालेला आकार प्रत्यक्ष पाहून पक्का करण्याची पद्धत रूढ आहे. प्रथम भिंतीवर चिकटपट्टीने अपेक्षित मापाची चौकट आखून नेहमीच्या आसनावरून ती पाहिली जाते. प्रक्षेपक आधी घेतला असल्यास काही दिवस कोऱ्या पांढऱ्या भिंतीवरच चित्र टाकून दोन-तीन आकार तपासता येतात. या काळात पूर्ण लांबीचा एक चित्रपट, एक क्रीडासामना व मजकूर असलेला एखादा कार्यक्रम पाहिल्यास मानेवर व डोळ्यांवर पडणारा ताण लक्षात येतो. ही चाचणी नेहमी पाहण्याच्या वेळी, नेहमीचे दिवे जसे असतील तसे ठेवून केल्यास तिचा निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरतो. कुटुंबातील सर्वांनी आपापल्या जागेवरून पाहणेही आवश्यक असते, कारण मधल्या आसनावरून योग्य वाटणारा आकार जमिनीवर पुढे बसणाऱ्या मुलांसाठी फार मोठा असू शकतो.

## हे सुद्धा पहा

* प्रक्षेपक
* चित्रपटगृह
* सिनेमास्कोप
* उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणी
* ल्युमेन